७२३ नंबरचा मागोवा

चावीचं घड्याळ हातातून निसटून फरशीवर पडलं, की पुष्कळदा बाहेरून काहीच झालेलं दिसत नाही. काच शाबूत, पट्टा शाबूत, चावीही नीट फिरते. काटे मात्र दोन-चार मिनिटं चालून अडतात. घड्याळजी मागचं झाकण उघडतो, डोळ्याला भिंग लावतो, चिमट्याच्या टोकाने बॅलन्सचं चाक हलकेच वर उचलून पाहतो आणि म्हणतो, ‘स्टाफ गेलाय.’

बॅलन्स स्टाफ म्हणजे सतत मागेपुढे झुलणाऱ्या त्या चाकाचा आस. लांबी तीन-साडेतीन मिलिमीटर. माणकांच्या भोकांत फिरणारी त्याची दोन टोकं एवढी बारीक, की त्यांची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास भरते. जुनी चावीची घड्याळं बहुतेक तासाला १८,००० ठोके देतात. म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार वेळा हा आस दिशा बदलतो. वेळच्या वेळी तेल मिळालं तर चाळीस-पन्नास वर्षं तो हे करत राहतो, आणि एका आपटीत त्याचं टोक तुटतं. शॉकप्रूफ बसण्या आल्यापासून हे प्रमाण खूप कमी झालं, पण त्याआधीच्या घड्याळांचं हेच मुख्य दुखणं.

गिऱ्हाईक विचारतं, ‘किती होतील?’ घड्याळजीच्या डोक्यात वेगळाच प्रश्न असतो: याचा स्टाफ मिळेल का? स्विस याद्यांत या भागाचा नंबर ७२३. मशीनचं नाव आणि हे तीन आकडे एवढ्यावर जगातल्या कुठल्याही मटेरियलच्या दुकानातून नेमका तोच आस मागवता यावा, अशी सोय कोणीतरी कधीतरी केली होती. ती कशी झाली, कोणी केली आणि ती आज का मोडीत निघाली आहे, हे पाहण्यासारखं आहे. कारण सुटा भाग ही वस्तू घड्याळाबरोबर जन्मली नाही. घड्याळं शतकानुशतकं सुट्या भागांवाचून होती.

अठराव्या शतकातलं खिशातलं घड्याळ उघडलं तर त्याच्या पुलांवर, चाकांखाली, कधी स्क्रूच्या डोक्यावरही बारीक आकडे किंवा टिंबं कोरलेली दिसतात. हे सगळे भाग एकाच घड्याळाचे, ते इतरांत मिसळू नयेत म्हणून केलेली ती खूण. कारण एका घड्याळाचा स्क्रू दुसऱ्याला बसत नसे. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या प्रेस्कॉट गावात कच्ची मशीनं तयार होत आणि ती लंडनसारख्या शहरांतले कारागीर हातानं जुळवून, घासून, पॉलिश करून पुरी करत. स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरांत घरोघरी वेगवेगळे भाग बनत आणि व्यापारी ते गोळा करून जुळवून घेत. दोन्हीकडे शेवटचा शब्द कानशीचा. भाग मोडला तर तो मिळत नसे, करावा लागे. त्यामुळे दुरुस्ती करणारा आणि घडवणारा यांच्या हुनरात फारसं अंतर नव्हतं.

हे अंतर पडायला सुरुवात झाली ती फ्रान्समध्ये. बोकूर गावच्या फ्रेडरिक जापीने १७७०च्या दशकात कच्ची मशीनं यंत्रांवर कापायचा कारखाना काढला आणि १७९९मध्ये आपल्या यंत्रांचं पेटंट घेतलं. पुढे १८३९मध्ये जिनिव्हाच्या व्हॅशेरॉन कॉन्स्टन्टिनने जॉर्ज-ऑग्युस्त लेशो याला कामावर घेतलं. त्याने पँटोग्राफच्या तत्त्वावर अशी यंत्रं बनवली, की एकाच नमुन्यावरून प्लेट आणि पूल हुबेहूब उतरवता येऊ लागले. १८४४ साली आंत्वान लकुल्त्रने मायक्रॉनपर्यंत मोजणारं उपकरण केलं. या तिन्हींत मला लकुल्त्रचं काम सगळ्यात पायाभूत वाटतं. दोन भाग सारखे आहेत असं म्हणायला ते किती सारखे आहेत हे आधी मोजता आलं पाहिजे. ते माप कागदावर उतरलं, की भाग त्याच्या कर्त्याच्या हातापासून सुटतो. दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या पिढीतल्या माणसालाही तो करता येतो.

मापाचं हे महत्त्व पुरतं ओळखलं ते अमेरिकेतल्या वॉल्थम कंपनीने. एरन डेनिसन याने स्प्रिंगफिल्डच्या सरकारी शस्त्रागारात बंदुकांचे अदलाबदल करता येणारे भाग बनताना पाहिले होते, आणि घड्याळही असंच का करू नये, हा विचार त्याला स्वस्थ बसू देईना. १८५०च्या सुमारास रॉक्सबरीला सुरू झालेला कारखाना १८५४मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच वॉल्थमला आला. ही गोष्ट सांगताना सहसा यंत्रांचं कौतुक होतं. खरी कौतुकाची गोष्ट आहे वॉल्थमची वही. त्यांच्या यंत्रांनाही आसाची टोकं आणि माणकांची भोकं तंतोतंत एकाच मापाची काढता येत नव्हती. बारीक फरक राहतच. मग त्यांनी टोकं मोजून त्यांना साजतील अशी माणकं निवडायची पद्धत घातली आणि प्रत्येक घड्याळाच्या नंबरापुढे त्याची मापं लिहून ठेवली. जगाच्या पाठीवर कुठेही आस मोडला, तर घड्याळाचा नंबर वॉल्थमला कळवायचा, आणि त्याच मापाचा नवा भाग तिथून यायचा. यंत्र जिथे कमी पडलं तिथे नोंदीने काम भागवलं.

१८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात हे सगळं पाहून स्विस पाहुण्यांची झोप उडाली. परीक्षक म्हणून गेलेल्या एदुआर फाव्र-पेरे याने परतल्यावर आपल्या लोकांना जाहीरपणे धोक्याची सूचना दिली. लॉन्जिन्सचा इंजिनियर जाक दाविद याने अमेरिकी कारखाने हिंडून सविस्तर अहवाल लिहिला. त्यानंतरची पन्नास वर्षं स्विसांनी यंत्रं, मापं आणि कारखाने यांत घातली.

पण स्विसांची वाट वेगळी होती. अमेरिकेत एक कंपनी आपलं सगळं घड्याळ आपणच करी. स्वित्झर्लंडमध्ये कच्चं मशीन करणारे निराळे आणि तबकडीवर आपलं नाव घालून विकणारे निराळे. १९२६च्या अखेरीस फोंतेनमेलोंचा एफ.एच.एफ., ग्रेन्खेनचे ए. शिल्ड आणि ए. मिशेल हे तीन मोठे कच्च्या मशीनचे कारखाने एबॉश एस.ए. या संस्थेत एकत्र आले. पुढे इटा या कारखान्यासह इतरही आले. परिणाम असा झाला, की शेकडो नावांच्या घड्याळांत मोजकीच मशीनं धडधडू लागली. तबकडीवरचं नाव बाजारात दिसेनासं झालं तरी आतल्या मशीनचे भाग मिळत राहिले. दुरुस्तीवाल्यांच्या दृष्टीने इतकी चांगली गोष्ट या धंद्यात त्याआधी कधी घडली नव्हती, त्यानंतरही घडली नाही.

हेही सांगितलं पाहिजे, की भाग मुक्तपणे फिरावेत अशी स्विस सरकारची इच्छा नव्हती. सुट्या भागांचे संच परदेशी धाडायचे आणि तिथे स्वस्तात घड्याळ जुळवायचं, या धंद्यावर १९३४मध्ये परवान्याचं बंधन आलं. परवानगीवाचून कच्ची मशीनं आणि भागांचे संच देशाबाहेर जाईनात. हा बंदोबस्त पुढे ढिला होत होत १९७१पर्यंत चालला. दुरुस्तीच्या भागांना मात्र वाट मोकळी ठेवणं त्यांच्याच हिताचं होतं. जगभर विकलेली घड्याळं चालती राहिली तरच स्विस नाव राहणार. म्हणून भागांना नंबर आले: चावीच्या दांड्याचा ४०१, सेटिंग लिव्हरचा ४४३, त्याच्या स्प्रिंगचा ४४५, एस्केप व्हीलचा ७०५, पॅलेटचा ७१०, स्टाफचा ७२३, मुख्य कमानीचा ७७०. मशीन कुठलंही असो, ७२३ म्हणजे स्टाफच. भाषा न येणाऱ्या दोन दुकानदारांचा व्यवहार या आकड्यांवर चाले.

मग अडचण उरली एकच. मशीन कुठलं, हे ओळखायचं कसं? बहुतेक मशीनांवर कारखान्याचं चिन्ह आणि नंबर असतो, पण तो बॅलन्सच्या चाकाखाली, मुख्य प्लेटवर, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा जागी. आणि कित्येकांवर तोही नसतो. अशा वेळी जाणते कारागीर काटे काढतात, तबकडी उतरवतात आणि चावीच्या बाजूला असलेल्या एका पातळ पोलादी पट्टीकडे पाहतात. हीच ४४५ नंबरची सेटिंग लिव्हर स्प्रिंग. चावी बाहेर ओढली की काटे फिरवायचे, आत ढकलली की कमान भरायची, हा खटका जागेवर धरून ठेवणं हे तिचं काम. त्या कामाला अमुकच आकार लागतो असं नाही, त्यामुळे प्रत्येक कारखान्याच्या आराखडेकाराने तिला आपल्या मनासारखं वळण दिलं. कुणाची चोचीसारखी पुढे आलेली, कुणाची दोन पायांची, कुणाची मध्येच खाच असलेली. चाकं एकमेकांसारखी दिसतात, पूल फसवतात, पण ही पट्टी मशीनचा अंगठ्याचा ठसा आहे. न्यूयॉर्कच्या बेस्टफिट कॅटलॉगमध्ये पानंच्या पानं या पट्ट्यांच्या आणि शेजारच्या भागांच्या खऱ्या मापातल्या आकृत्यांनी भरलेली आहेत. बर्लिनच्या फ्लूमे या जुन्या व्यापाऱ्याच्या यादीतही मशीन शोधायचं ते आकारमान आणि याच भागांच्या आकृतीवरून. मशीनचा व्यास लाइनमध्ये मोजायचा. एक लाइन म्हणजे २.२५६ मिलिमीटर. मग त्या मापाच्या पानावर जाऊन उघडलेलं मशीन आकृतीशेजारी ठेवायचं आणि पट्टी जुळवायची. जुळली की नाव मिळालं, नाव मिळालं की ७२३ मिळाला.

मुंबई या जाळ्यात फार लवकर आली. फेवर-ल्युबाने इथे व्यापार सुरू केला तो १८६५मध्ये. पुढे वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळं आली, तिचं ‘सोवार’ तर फौजी माणसांच्या मनगटावर आणि त्यांच्यामागे गावोगाव पोचलं. कोकणात, देशावर, गोव्यात आजही जुन्या घरांच्या कपाटांतून निघतं ते बहुधा यांपैकीच काहीतरी. घड्याळासोबत भागांचे व्यापारी आले, त्यांच्या दुकानांत चपट्या लाकडी खणांचे उभे कप्पे आले, खणांत बारीक काचनळ्या आणि कागदी पुड्या आल्या. एबॉशचं मशीन असलेल्या घड्याळाचा भाग अशा दुकानांत हमखास सापडे. कंपनीने स्वतःसाठी खास बनवलेल्या मशीनची गोष्ट निराळी. फेवर-ल्युबाने १९६२मध्ये दोन कमानींच्या डब्यांचं पातळ मशीन काढलं. ते फार सुंदर आहे, दीर्घकाळ एकसारखी ताकद देतं. पण ते इतर कुणाच्या घड्याळात नाही. त्यामुळे आज त्याचा भाग शोधताना चांगले चांगले हात टेकतात. मशीन जितकं खास, तितका त्याचा गोतावळा लहान.

स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांवर निर्बंध आले आणि १९६१मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना घातला. एच.एम.टी.च्या तबकडीवर ‘पॅराशॉक’ हा शब्द दिसतो, तो सिटिझनच्या शॉकप्रूफ बसणीचा. ‘जनता’पासून ‘पायलट’पर्यंत कितीतरी नावांखाली सतरा माणकांच्या चावीच्या मशीनचं एकच कुटुंब नांदलं. ०२३१ हा आकडा आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांना तोंडपाठ असतो. कंपनीने एकूण दहा कोटींहून जास्त घड्याळं केली. लग्नात जावयाला, नोकरीच्या पहिल्या पगारात स्वतःला, निवृत्तीला साहेबांकडून, अशी ती घराघरात गेली. या एकाच मशीनमुळे तालुक्याच्या एस.टी. स्टँडबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या माणसालाही पोटापुरते भाग एका डबीत बाळगता आले. दांडे, स्टाफ, कमानी, काचा, एवढं घेतलं की दिवस निघे. स्विसांनी जे शेकडो नावांमागे मोजकी मशीनं ठेवून साधलं, ते इथे एका सार्वजनिक कारखान्याने साधलं. चीनने तर १९७०च्या दशकात हेच फर्मान काढून केलं: एकच सरकारी आराखडा, आणि देशभरच्या कारखान्यांनी तेच मशीन करायचं. तिथली त्या काळातली घड्याळं आजही एकमेकांच्या भागांवर जगतात.

२५ डिसेंबर १९६९ रोजी सेकोने क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळधंद्यातल्या नव्वद हजारांच्या आसपासच्या नोकऱ्या तिसऱ्या हिश्शावर आल्या. नोकऱ्यांची गोष्ट सगळे सांगतात. भागांच्या वंशावळीत त्याहून मोठी हानी झाली ती साच्यांची. घड्याळाचा भाग प्रेसवर कापला जातो, त्या प्रेसचे ठोकळे, कॅम, कातणी हे त्या भागाचे आईबाप. कारखाना बंद करताना हे सगळं वजनावर भंगारात गेलं. ल लोक्लच्या झेनिथमध्ये १९७५ साली अमेरिकी मालकांनी यांत्रिक मशीनांचं उत्पादन थांबवून अवजारं मोडीत काढायला सांगितली. त्यांत १९६९च्या एल प्रिमेरो या स्टॉपवॉचवाल्या मशीनचे सगळे साचेही होते. शार्ल व्हर्मो नावाच्या तिथल्या जुन्या फोरमनने ते ऐकलं नाही. दिवसपाळी संपली की तो प्रेसचे ठोकळे, कॅम आणि कातणी माळ्यावर नेऊन ठेवी, आणि कुठला भाग कुठल्या क्रमाने, कुठल्या अवजाराने करायचा, हे लिहून काढी. दहाएक वर्षांनी यांत्रिक घड्याळांना पुन्हा मागणी आली तेव्हा त्या माळ्यावरच्या सामानातून आणि त्या नोंदींतून एल प्रिमेरो पुन्हा सुरू झालं. १९८८मध्ये रोलेक्सने डेटोनासाठी हेच मशीन आधाराला घेतलं. व्हर्मोने अवजारं वाचवली म्हणून त्याचं नाव घेतात. मला त्याचं लिखाणही तेवढंच मोठं वाटतं. नुसते ठोकळे मिळाले असते तर पुढच्या पिढीला ते कोड्यासारखे सोडवत बसावं लागलं असतं.

एकविसाव्या शतकात भाग कमी पडण्याचं कारण बदललं. आता भाग असतो, पण दिला जात नाही. एबॉशचे वारस कारखाने इटामार्फत स्वॉच समूहाकडे आले. समूहाने २०१५च्या अखेरीस घाऊक व्यापाऱ्यांना सुट्या भागांचा पुरवठा बंद केला. अधिकृत दुरुस्ती केंद्रांना भाग मिळावेत, स्वतंत्र कारागिरांनी मात्र इतरत्र पाहावं, अशी ही रीत इतर बड्या कंपन्यांतही आहे. युरोपातल्या दुरुस्तीवाल्यांच्या महासंघाने २००४मध्येच युरोपीय आयोगाकडे तक्रार केली होती. आयोगाने ती २००८मध्ये फेटाळली, न्यायालयाने २०१०मध्ये तो निर्णय रद्द केला, आयोगाने २०१४मध्ये पुन्हा फेटाळली आणि २०१७मध्ये न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली. कंपन्यांचा युक्तिवाद असा, की नीट शिक्षण नसलेल्या हातात भाग गेला तर घड्याळ बिघडतं. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण ज्या घड्याळांची मशीनं पन्नास वर्षांपूर्वी गावोगावच्या कारागिरांनी चालती ठेवली, त्यांनाच आज अडाणी ठरवणं अन्यायाचं आहे. त्यांना शिकवून परीक्षा घ्या, पण भाग द्या.

आपल्याकडे भाग अडवण्याची वेळच आली नाही. जानेवारी २०१६मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी.चा घड्याळांचा कारभार बंद करायला मंजुरी दिली. त्यानंतर भाग मिळण्याची मुख्य वाट उरली ती बंद घड्याळांची. मुंबईत मटण स्ट्रीटच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात बंद घड्याळांचे ढीग असतात. कारागीर ते वाट्याने घेतो, झाकणं उघडून बघतो, कुणाचा स्टाफ शाबूत, कुणाचा पॅलेट, कुणाची नुसती प्लेट. तीन मेलेल्यांतून एक जिवंत होतं. ‘जनता’ची संख्याच एवढी, की अजून हे चालून जातं. बायकांच्या ‘सुजाता’चं आणि वार-तारीख दाखवणाऱ्या ‘कांचन’चं तसं नाही. भाग बारीक, ढिगात घड्याळं कमी, शोध लांबतो.

याच ढिगांतून दुसरीही एक शाखा फुटली. जुनं मशीन, दुसऱ्याच घड्याळाची केस, त्यावर नव्याने छापलेली भडक रंगाची तबकडी. परदेशातले संग्राहक याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात. फसवून विकणं वाईटच, आणि ज्याने अशा घड्याळाला अस्सल म्हणून पैसे मोजले त्याचा राग मला कळतो. पण या घड्याळांत मला कारागिरांची जिद्दही दिसते. भाग मिळत नसताना मिळेल त्यातून चालणारं घड्याळ उभं करणं, हे वॉल्थमच्या आधीच्या कानशीवाल्या कारागिरांचंच काम आहे. त्यांनी ते चालतं घड्याळ म्हणून विकावं, अस्सल म्हणून विकू नये, एवढंच.

ज्यांच्याकडे बारीक लेथ आहे ते अजून स्टाफ कातून देतात. मोडका आस बॅलन्समधून काढताना रिव्हेटची कड लेथवर कापून टाकायची, म्हणजे चाकाचं भोक पसरत नाही. मग कडक केलेली निळी पोलादी सळई चकमध्ये धरायची, आधी चाकाची बसण, मग रोलरची, मग हेअरस्प्रिंगच्या कॉलेटची कातायची. शेवटी दोन टोकं कातायची आणि माणकाच्या भोकात अडकणार नाहीत इतकी घासून चकाकती करायची. हे काम करणारा जुन्या आसाच्या दोन तुकड्यांवरून माप घेतो. तुकडे हरवले असतील तर पुलांमधलं अंतर मोजून हिशोब करावा लागतो, आणि तेव्हा एक-दोन आस वाया जातातच.

म्हणून मला एक मागणी करावीशी वाटते. ०२३१ आणि त्याच्या भावंडांचे भाग ज्या आराखड्यांवरून कापले गेले, ते जनतेच्या पैशाने चाललेल्या कारखान्याचे आराखडे आहेत. त्यांत प्रत्येक भागाची मापं असणार, कमी-अधिक किती चालेल याची हद्द असणार, धातू कुठला आणि किती कडक करायचा हेही असणार. कारखाना बंद झाल्यावर त्यांतून कुणाच्या धंद्याला धोका उरलेला नाही. ते उघड केले, तर पुण्यातल्या किंवा राजकोटमधल्या एखाद्या छोट्या अचूक कातकामाच्या कारखान्याला शंभर-दोनशे स्टाफ काढून देणं अवघड नाही. आज प्रत्येक कारागीर मोडक्या तुकड्यावरून जे माप पुन्हा पुन्हा शोधतो, ते एकदाच लिहून ठेवलेलं सगळ्यांना मिळेल. सगळे भाग एकदम नकोत. स्टाफ, चावीचा दांडा आणि सेटिंग लिव्हर या तिघांपासून सुरुवात केली, तरी खणांत पडून असलेली पुष्कळशी ‘जनता’ चालू होतील.